गार्डकाकांची ईस्टरची झेंडी

ईस्टरचा सण जगाला येशूने दिला हे खरं. पण पांढुर्ण्यात तो दरसाल वेळेवर आणून उभा करायचं काम आमच्या गार्डकाकांचं होतं, आणि त्यात त्यांनी कुणाची ढवळाढवळ कधी खपवून घेतली नाही. उभी हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेला हा माणूस निवृत्त झाला तो फक्त पगारापुरता. शिट्टी गळ्यात, झेंड्या काखेत. मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, उशिरा येणाऱ्याला गिरज्याच्या दारात लाल झेंडी दिसायची. फादरांचं प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरून बारीकशी शिट्टी यायची आणि फादर आटोपतं घ्यायचे.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात आम्ही कुणी मटण सोडायचो, कुणी चहा. काका संत्री सोडायचे. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण मृग बहाराची संत्री नेमकी तेव्हाच उतरतात. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत बैलगाड्या भरभरून चालतात आणि रस्त्याला, शाळेला, माणसांच्या बोटांना तोच एक वास असतो. एकदा काका बाजारात संत्र्यांच्या ढिगापुढे डोळे मिटून उभे दिसले. मी विचारलं, "काका, काय करून राहिले?" म्हणाले, "वास घेऊन राहिलो वं, मास्तरीण. नाकाले उपास नसते." म्हणूनच आमच्याकडे ईस्टरला रंगीत अंडी नसतात, टोपलीभर संत्री असतात. मिस्सा झाली की पहिलं संत्रं काका सोलणार, मग पोरं टोपलीवर तुटून पडणार. शिवाय त्या दिवशी लाल झेंडी घरी ठेवायची, हा त्यांचा कडक नियम. "आज प्रभूच्या कबरीवरचा धोंडा सरकला. आज कोनालेच थांबवाचं नसते."

मग राज्यांची नवी आखणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही भोपाळच्या वाट्याला आलो. आमची मंडळी बहुतेक रेल्वेतली. नागपूरकडे बदल्या मागून निम्मी घरं उठली. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते आणि गिरज्याच्या सणांची व्यवस्था माझ्याकडे आली होती. मालगोदामातले बडेबाबू आमच्यातले वजनदार गृहस्थ. ते म्हणाले, "फादर नागपूरहूनच येते. एवढ्याशा लोकांसाठी गिरजा कायले ठेवाचा? यंदाचा ईस्टर करू अन् कुलूप लावू. पुढच्या सालापासून नागपूरलेच जाऊ." काका एवढंच म्हणाले, "यंदाचा होऊ द्या त खरं."

ईस्टरच्या सकाळी सौंसरची मंडळी पहिल्या बसने आली, लोधीखेड्याची बैलगाडीने. फुलं, मेणबत्ती, टोपली, माझ्या यादीतलं सगळं जागेवर होतं. फादर तेवढे यायचे होते. काका आणि मी स्टेशनवर गेलो. पॅसेंजर आली, थांबली, सुटली. फादर उतरले नाहीत. आणि आमच्या डोळ्यांदेखत ते एका खिडकीतून सरकत गेले: पांढरा झगा, उघडं तोंड, गाढ झोप. शनिवारची रात्र त्यांनी नागपुरात मिस्सेत जागून काढली होती. काका शिट्टी फुंकत धावले. काखेत हात घातला तर हिरवीच झेंडी! तीच त्यांनी जिवाच्या आकांताने हलवली. शेवटच्या डब्यातल्या गार्डाने ती पाहिली, आपली हिरवी झेंडी आदबीने हलवून उत्तर दिलं, आणि गाडी वेगात निघून गेली.

गिरज्यात बडेबाबू जागचे उठले. "झालं काका. चला आता घरी."

काका दार अडवून उभे राहिले. "बडेबाबू, त्या बाया सकाळी प्रभूच्या कबरीपाशी गेल्या तवा तिथं तरी कोन होतं? कबर खालीच होती. त्या जर 'चला घरी' म्हणून झोपल्या असत्या, त तुम्हाले आज ईस्टर भेटला असता काय?"

बडेबाबू बसले. लोधीखेड्याच्या एका म्हातारीने गाणं उचललं. ईस्टरची गाणी संपली तेव्हा आम्ही नाताळचीही गायली. पोरं टोपलीकडे बघत राहिली. हात मात्र एकानेही लावला नाही.

भर दुपारी एका मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून, कोळशाने काळवंडलेले फादर उतरले. पुढच्या स्टेशनावरून गार्डाने त्यांना आपल्या शेजारी बसवून आणलं होतं. गिरजा भरलेला पाहून त्यांची मान वर होईना. "माफ करा, फार वाट पाहायला लावली."

"फादर," काका म्हणाले, "प्रभूले कबरीतून याले तीन दिस लागले होते. तुम्ही त दुपारीच आले."

मिस्सा झाली. काकांनी संत्रं सोललं. पहिली फोड फादरांना दिली, दुसरी बडेबाबूंना. कुलपाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मोठमोठ्या शहरांतले ईस्टर मी नंतर पाहिले, झुंबरं पाहिली, वाद्यवृंद ऐकले. पण उपाशीपोटी गाणी म्हणत, गेलेला सण परत येईपर्यंत बसून राहणारी मंडळी फक्त आमची.

काका आता रुळांलगतच्या कब्रस्तानात आहेत. ईस्टरची मिस्सा आटोपली की मी त्यांच्यापाशी एक संत्रं ठेवते आणि कुंपणाशी उभी राहून, कडेने विरलेली त्यांची हिरवी झेंडी जाणाऱ्या गाडीला दाखवते. कुठला कोण गार्ड असतो, मला ओळखत नाही. पण हिरवी हलवून उत्तर दिल्याशिवाय अजून एकही पुढे गेलेला नाही.