तीन दिवस अडकलेली इमेज

श्रीवर्धनला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. गिऱ्हाईक बोलायला लागलं की त्या स्क्रू काढता काढता "व्हय, व्हय" म्हणत राहतात. तो होकार नसतो, तुम्ही लवकर आटपावं म्हणून असतो. मी शिक्षक असल्यामुळे मला चार व्हय जास्त मिळतात.

शाळेतले बारा जुने कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून चालावेत म्हणून मी लिनक्सची बूट इमेज, म्हणजे पेनड्राइव्हवर टाकायची अख्खी सिस्टिम, बनवत होतो. तीन दिवस ती एकाच जागी अडकत होती आणि चौथ्या दिवशी मुख्याध्यापक सगळे कॉम्प्युटर भंगारात देणार होते. शेवटी लॅपटॉप उचलून बाईंकडे गेलो आणि मेमरीपासून नशिबापर्यंत सगळी कारणं सांगितली.

"व्हय, व्हय," म्हणत त्यांनी माझी कमांड वाचली. "मास्तर, ह्याला गप्प का बसवलाय?"

"पडद्यावर फार बडबड येते म्हणून."

त्यांनी कमांडमधला गप्प बसवणारा तो शब्द काढून टाकला आणि काम पुन्हा सुरू केलं. ते नेहमीच्याच जागी थांबलं, पण आता पडद्यावर प्रश्न दिसत होता: कीबोर्ड कोणता?

"अडकला न्हाय हा. तुम्हाला विचारतोय. वर्गात पण असंच करता काय?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मी घाईने एंटर दाबायला गेलो, तर बाईंनी स्क्रूड्रायव्हरने माझं बोट अडवलं.

"आधी वाचा."

मी वाचून उत्तर दिलं. मग आणखी चार प्रश्न आले. गिऱ्हाइकांसमोर, उभ्यानेच, मी तीही उत्तरं दिली. इमेज पूर्ण झाली, तसं मी मोठ्याने जाहीर केलं.

प्रिंटरमधून डोकं बाहेर न काढता बाई म्हणाल्या, "शाबास. बसा आता."