सुलाबाईचा इंग्रजीचा पेपर

नवरा वारला आणि त्याच्या जागी सुलाबाई कचेरीत शिपाई म्हणून लागली. साहेब म्हणाले, "यंदा जूनपर्यंत दहावी व्हा, कारकून करतो. पुढच्या वर्षी जागा नाही." आज ऊन आहे, असं कुणी सांगावं तसं तिने ते ऐकून घेतलं. पण फॉर्म मात्र भरला.

बाकीचं जमलं, इंग्रजीपाशी गाडं अडलं. नाशिकरोडच्या विहारात रविवारी वंदना झाली की निवृत्ती मास्तर पाच बायांना शिकवत. मास्तर स्वतः मॅट्रिकला दोनदा आपटले होते म्हणे. वस्तीतल्या बाया तीनदा म्हणतात, आणि त्यांचा हिशोब सहसा चुकत नाही.

पूर्ण भविष्यकाळ आला. "रविवारपर्यंत कपडे धुऊन झालेले असतील, हे आजच सांगायचं," मास्तर म्हणाले.

"रविवारचं आज मला काय ठाऊक?" सुलाबाई म्हणाली. नवरा गेल्यापासून तिला संध्याकाळच्या पलीकडचं काही सुचत नसे.

"तुम्हाला नसेल, बोर्डाला ठाऊक असतं! म्हणा माझ्यामागं."

वंदनेसारखंच मग. एकीने म्हणायचं, बाकीच्यांनी त्याच सुरात मागून म्हणायचं. महिनाभरात पक्कं बसलं.

मार्च अठ्ठ्याहत्तर, गंगापूर रोडची एक शाळा. फॉर्म एकत्र भरलेले, म्हणून पाचीजणी एकाच वर्गात. तो प्रश्न आला आणि सुलाबाईचं डोकं कोरं झालं. मग ओठ हलले, आणि ओठांबरोबर आवाजही निघाला, "बाय सनडे आय शॅल हॅव वॉश्ड द क्लोद्स..."

मान वर न करता चौघींनी मागून खणखणीत म्हटलं, "बाय सनडे आय शॅल हॅव वॉश्ड द क्लोद्स!"

सुपरवायझर खुर्चीतून उडाले. "कॉपी? तीही सुरात?"

"कापी नाय सायेब, पाठांतर हाय," लंकाबाई म्हणाली.

"सुरुवात कुणी केली?"

चौघींच्या माना खाली. सुलाबाई उभी राहिली. "मी." भीती वाटेल असं तिला वाटलं होतं. तीही वाटली नाही. तिचा पेपर काढून घेतला, चौघींचे राहिले.

पेपर सुटल्यावर बाहेर पायरीवर चौघींतली चांगुणा तिच्या गळ्यात पडून रडली, "तुझी जागा गेली गं बाई!"

"चल, बस चुकेल," सुलाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं. तिने सरळ सगळं सांगितलं. साहेब चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग हाक मारून दोन कारकुनांना बोलावलं. "अहो, यांना सांगा, पुन्हा सांगा!"

तिने पुन्हा सांगितलं. सुरासकट.