नीलम्माचा डावा हात

निंगव्वाचा हात लई जड. भाकरीला म्हनाल तर हलका, ज्वारीची भाकरी पापडावानी पातळ थापती आन् कड फाटत न्हाय. पन मानसावर उचलला की मानूस खाली बसलाच. सोलापूरच्या भवानी पेठेत तिचं कडक भाकरीचं शेड हाय. तितं अठरा वर्षं मी तिच्या शेजारच्या चुलीवर बसती. मी मथुरा, मोहोळची. ती लिंगायत, अक्कलकोटच्या अंगाची, निम्मं बोलनं कानडीत. शिव्या मातर मराठीत देती, समोरच्याला कळल्या पायजेत की.

तिला मी अक्का म्हनती. एका गिरनीवाल्यानं आमच्यातल्या पोरीच्या अंगाला हात लावला, तर त्येला तिनं त्येच्याच गिरनीत, गिऱ्हाइकांसमोर, चपलीनं तोंड फुटंस्तवर हानलं. पोलीस आलं, तर त्यांनाच विचारलं, तुमाला भनी हायत का न्हायत. असल्या बाईच्या शेजारी बसलं की आपल्यालाबी जोर येतो. मलाबी आला हुता.

पन तिचा खरा राग हुता तो मृत्युंजयवर. तिच्या धाकट्या भनीचा, नीलम्माचा नवरा. आई मेली तवा नीलम्मा तीन वर्षांची. अक्कानं तिला कडंवर घिऊन भाकऱ्या थापल्या, शिकवली, वाढवली. सोताचं लगीन टिकलं न्हाय, लेकरू न्हाय, नीलम्मा हीच तिची लेक. अक्कलकोटच्या पल्याडच्या एका गावात, बागायत बगून, तिनं पोरगी दिली.

लग्नाला पाच म्हैनं झालं न्हायत तर नीलम्मा सुजलेला डोळा घिऊन शेडच्या दारात उबी.  अक्कानं पीठ मळायची लाकडी काठवट उचलली आन् तशीच एसटीत बसली. मी मागनं पळत गेली. गावात पारावर मृत्युंजय चारचौघांत पान खात बसला हुता. तिनं ती काठवट त्येच्या तोंडावर घातली. पुडचा दात त्येच्या मांडीवर पडला. सगळा गाव हसला आन् मीबी हसली.

मधी बरीच वर्षं गेली, नीलम्माला पोरगी झाली, सिद्धेश्वरी. तीन वर्षांमागं नीलम्माच्या पाठीवर पट्ट्याचं वळ बगितलं आन् आमी दोघी पुन्यांदा गेलो. ह्या बारीला त्येच्या सैपाकघरात. मी मागनं त्येचं केस धरलं, अक्कानं त्येचा पंजा तापल्या तव्यावर दाबला. असा वरडला की गोठ्यातली म्हस उटली. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. आता उचल हात, असं त्येला सांगून आमी दुपारच्या एसटीनं परत आलो. त्येच्यानंतर नीलम्माची एक तक्रार न्हाय. फोन केला की, बरं हाय अक्का, एवढंच. मी शेडात सगळ्यांना सांगायची, मार लागू पडला म्हनून.

यंदा मस्कतच्या मराठी लोकांनी खान्याची जत्रा भरवली आन् आमाला बोलावलं. कडक भाकरी, शेंगाचटनी, पाच दिवस. जायच्या आदी अक्कानं नीलम्माला फोन करून सांगितलं, बारा दिवस न्हाय मी, संबाळून ऱ्हा. ते बोलनं मृत्युंजयनं ऐकलं असनार, असं आता वाटतं.

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी तितं साडेधा वाजलं हुतं, म्हंजी आपल्याकडं बारा. आमी भाकऱ्यांच्या चळती लावत हुतो. नीलम्माच्या नंबरावरनं फोटू आला. जत्रेचं काम बगनारी उत्कर्षा म्हनून पुन्याची पोरगी हुती, तिनं अक्काच्या खांद्यावरनं डोकावलं. हिरवी साडी, गळ्यात हार, भितीला टेकून बसलेली बाई. किती छान नटवलंय, डोहाळजेवण आहे का, असं तिनं हसत विचारलं.

अक्का खाली बसली, बसली म्हंजी पडलीच. मला कळलं. लिंगायत लोकं मेलेल्या मानसाला निजवत न्हायत. भितीला टेकवून बसवत्यात, कपाळाला इबूत लावत्यात, आन् खड्ड्यातबी तसंच बसवून पुरत्यात. फोटूखाली लिवलं हुतं, आई पहाटे गेली, हार्टअटॅक, पाच वाजता माती.

तिच्या तोंडातनं असला आवाज निघाला, की समोरची गिऱ्हाइकं मागं सरली. जमिनीवर मुठी आपटत हुती. मी तिला मागच्या बाजूला गॅसच्या टाक्यांपाशी नेली, पानी पाजलं. जरा येळानं तिनं फोन परत हातात घेटला, बोटांनी फोटू मोटा केला आन् बगत ऱ्हायली. बगता बगता रडनं थांबलं.

"मथुरे," ती म्हनली, "इष्टलिंग उजव्या हातात दिलंय."

आता ह्याची गोष्ट अशी. त्यांच्यात जल्मल्यापास्नं गळ्यात इष्टलिंग, म्हंजी शिवाचं बारकं लिंग. पूजेला बसलं की ते डाव्या तळव्यावर घ्यायचं. मेल्यावरबी डाव्याच हातात द्यायचं. चार वर्षांचं पोरबी त्यात चुकत न्हाय. फोटूत ते उजव्या हातात हुतं, आन् डावा हात खांद्यापास्नं पदराखाली गच्च बांदलेला.

"तिचा डावा हात मोडलाय," अक्का म्हनली. "त्येनं मारली माज्या पोरीला."

आमच्या हातात पाच तास हुते. एकदा का त्या खड्ड्यात इबूत पडली, बेलाचं पान पडलं, माती पडली, की संपलं. झालेली समाधी उकरायला कुन्या गावात कोन धजतंय? नीलम्मा हार्टअटॅकनं गेली हेच खरं झालं असतं, आन् तो वर्षाच्या आत दुसरी करून मोकळा. लवकरात लवकर विमान म्हनलं तरी उद्याचं. आमी दोघी समुद्राच्या ह्या बाजूला, पीठभरल्या हातांनी.

अक्कानं पयला फोन तिकडच्या पोलीस ठान्यात लावला. नातेवाइकानं समक्ष येऊन लेखी द्यावं, असं उत्तर आलं. तिनं शिवी दिली न्हाय, फोन ठिवला. तवा मला भीती वाटली. दुसरा फोन शेडात, सुंदरम्माला. सुंदरम्मा म्हंजी आमच्यातलीच, तेलुगू विनकराच्या घरची, अंगानं बारकी, कदी वरच्या आवाजात बोललेली मी ऐकली न्हवती. अक्कानं सगळं सांगितलं. दोघींनी ठान्यात जाऊन माज्या नावानं लेखी द्या, ऱ्हायलेल्या सहा जनींनी भाकरीच्या टेम्पोतनं सरळ मृत्युंजयच्या मळ्यात जावा, जितं खड्डा खनलाय तितं. सुंदरम्मा म्हनली, आमी सहा बायका, ते सगळं गाव, आमी काय करनार?

"खड्ड्यात उतरा," अक्का म्हनली. "उतरून बसा. कुनी मारलं तरी उटायचं न्हाय."

मेलेल्या मानसाचा खड्डा तो. त्यात जित्या बाईनं उतरायचं म्हंजी काय, तुमीच इचार करा. सुंदरम्मानं तितल्या बायकांना हाक मारून टेम्पो काडायला सांगितलं. मग म्हनली, बरं अक्का.

आपल्याकडच्या साडेचारला तिचा फोन आला. चालू फोन तिनं पोलक्यात खोचला हुता. आमी टाक्यांपाशी बसून ऐकत हुतो. आदी नुसता हलगीचा आवाज, मग हलगी थांबली. मग गडीमानसांचा कालवा. मृत्युंजय वरडत हुता, बाटवला खड्डा, काडा ह्या सटव्यांना. धप्पकन काय तरी पडलं, एक बाई किंचाळली. खोऱ्याचा दांडा लागला तर कसला आवाज येतो ते मला तवा कळलं. वल्ल्या कापडावर लाकूड आपटल्यासारका. एक, दोन, मी मोजायचं सोडलं. मग माती पडायला लागली. त्येचा भाऊ म्हनत हुता, उटत न्हायत न्हवं, मग पुरा ह्यांनाच. सुंदरम्मा खोकत हुती, तोंडात माती गेली हुती तिच्या. आन् मधी मधी ती एकच बोलत हुती, उटू नगा गं, हात धरा, उटू नगा.

 अक्काच्या शेजारी भाकऱ्यांची चळत हुती. ती एकेक भाकरी मुठीत घिऊन चुरत हुती, कडक भाकरीच्या कडा तळव्यात शिरत हुत्या, चुऱ्याला रगात लागलं हुतं. मी तिचा हात धराया गेली तर तिनं मला ढकललं. मी सांगती तुमाला, जल्मात मला असला राग आला न्हवता. मृत्युंजय माज्या हातात घावला असता तर मी त्येचं नरडं दाबलं असतं आन् सोडलं नसतं.

पाच वाजून गेल्यावर गाडी आली. पोलिसाचा आवाज ऐकू आला, काठ्या ऐकू आल्या, मग पळापळ. सुंदरम्मानं फोन कानाला लावला. म्हनली, अक्का, आमी हाय बसलेल्या. तिच्या टाळूला अकरा टाकं पडलं. एकीचं मनगट गेलं, एकीचं दोन दात.

दुसऱ्या दिवशी आमी उतरलो. सोलापूरला पोचंस्तवर डॉक्टरांचा कागद झाला हुता. डावा हात दोन ठिकानी मोडलेला, बरगड्या तीन, नरड्याचं हाड चेपलेलं. मृत्युंजय कोठडीत. नीलम्माला पुन्यांदा बसवली, शेडाच्या अंगनात. अक्कानं तिचा डावा हात पदराबाहेर काडला. बोटं मिटत न्हवती, म्हनून तळव्यात इष्टलिंग ठिवून, भाकरी दाबायचं पांढरं फडकं त्येच्यावर गुंडाळलं.

सिद्धेश्वरी, आठवीतली पोर, भितीपाशी उबी हुती. दोन दिवस बोलली न्हवती. मोट्या मावशीला त्यांच्यात दोडव्वा म्हनत्यात. दोडव्वाकडं बगत ती म्हनली, लिंग उजव्या हातात मीच दिलं. बापानं डावा हात बांदला आन् म्हनला, ठिव कुटंबी आन् फोटू पाठीव तुज्या मावशीला. तो समोर हुता म्हनून फोन करता आला न्हाय. दोडव्वाला कळंल, असं मला वाटलं.

अक्कानं तिला पोटाशी धरली. शानी गं माजी, म्हनली, आन् मग विचारलं, तीन वर्षं तू न्हायतर तुजी आई मला बोलली का न्हाय? मी आली असती की. त्येचा दुसरा हात भाजला असता.

पोरगी पोटापास्नं बाजूला झाली.

"तू त्येचा हात भाजून गेलीस, तवाच त्येनं दार लावून आईला मारली," ती म्हनली. "दर बारीला लावायचा. आई म्हनायची, अक्काला सांगू नगं. अक्का येती, मारती आन् जाती. मागं मीच ऱ्हाती."

अंगनात चाळीस मानसं हुती.  अक्का भनीच्या पायाशी बसली आन् मातीला नेईस्तवर तितनं उटली न्हाय.

सिद्धेश्वरी आता आमच्यातच ऱ्हाती, शाळेला जाती. केस चालू हाय. परवा एक टेम्पोवाला सुंदरम्माला काय तरी वंगाळ बोलला. अक्का उटली, हात वर गेला. पोरगी दप्तर भरत हुती, तिनं नुसतं बगितलं. हात खाली आला. मग अक्का चुलीपाशी बसली, पीठ घेटलं आन् थापायला लागली. त्या दिवशी तिच्या सगळ्या भाकऱ्या फाटल्या.

लोकं मला विचारत्यात, निंगव्वा येवडी गप का झाली. मी सांगत न्हाय. त्या तव्याच्या दिवशी मृत्युंजयचं केस मी धरलं हुतं.