माणसाआधी चुना

“माणूस यायच्या आधी चुना आला पाहिजे,” हे मावशींचं ठरलेलं वाक्य. घरी पाहुणे येवोत, लेक बाळंतपणाला येवो, मावशी आधी चुन्याची बादली शोधायच्या. जुन्या सरकारी दवाखान्यात आया म्हणून त्यांचा जन्म गेला होता. तिथल्या भिंतींवरून त्यांच्याइतका हात दुसऱ्या कुणाचा फिरला नसेल.

तो दवाखाना म्हणजे त्यांचं माहेरच. लहानपणी साथीच्या तापात कुणीतरी त्यांना तिथल्या व्हरांड्यात आणून ठेवलं होतं. ताप उतरला, पण न्यायला घरचं कुणी उरलं नव्हतं. मग आयांनीच वाढवलं, वेण्या घातल्या, रागावल्या, आणि लग्न झालं तेव्हा त्याच पायऱ्यांवर उभं राहून डोळे पुसले. दाराच्या वर भिंतीवर तांबड्या अक्षरांत एक ओळ होती : ‘दारी आलेल्यास परत पाठवू नये.’ आपण त्या ओळीच्या जिवावर जगलो, असं मावशी म्हणत.

पुढे नवा दवाखाना झाला आणि जुना ओस पडला. तो पाडून दुकानांचे गाळे काढायचं घाटत होतं. गावाने आरडाओरडा केला, तेव्हा जुन्या वास्तू तपासणाऱ्या बाई येऊन बघतील असं ठरलं. त्या म्हणतील तेच होणार होतं, आणि गावाची सारी भिस्त त्या तांबड्या ओळीवर होती.

बाई येणार हे कळलं आणि मावशींचे हात शिवशिवले.

“आई, तू आता नोकरीत नाहीस,” लेक म्हणाली. मावशी आता तिच्याकडेच राहत होत्या.

“नोकरी सुटते गं, माहेर सुटतं का कधी?”

दवाखान्याची जुनी रीत अशी होती, की तपासणीआधी भिंत एकजात पांढरी करायची, ओळीसकट. चुना वाळला की रंगाऱ्याने तीच ओळ वर पुन्हा काढायची. मावशींनी रीतीप्रमाणे सगळं केलं. रंगारी दुपारी येणार होता. बाई मात्र सकाळीच येऊन उभ्या राहिल्या.

“ती अक्षरं कुठं आहेत?”

“चुन्याखाली,” मावशी अभिमानाने म्हणाल्या. “दुपारी पुन्हा येतील.”

दवाखान्याचे म्हातारे कंपाउंडर बाकावर बसले होते. त्यांनी कपाळावर हात मारला. “मावशी, आजवर भिंतीला लावलात, आज गावालाच चुना लावलात!”

मावशींच्या हातातला कुंचला गळून पडला. आपल्याच हाताने आपण माहेर बुडवलं, एवढंच त्यांना कळलं. त्या पायरीवर खाली बसल्या.

बाईंनी ओल्या फडक्याने दारावरच्या भिंतीचा ताजा चुना पुसला, मग पातळ पात्याने बोटाएवढी जागा हलकेच खरवडली. तांबडं दिसलं. त्याखाली चुना. त्याखाली पुन्हा तांबडं, जरा वेगळ्या वळणाचं. पुन्हा चुना.

“मावशी, हे दर वेळी असंच करायचात?”

“माझ्याआधीच्या आयाही असंच करायच्या,” मावशी कशाबशा म्हणाल्या. “चुकलं का हो बाई?”

“चुकलं कसलं! कांद्यासारखे पापुद्रे आहेत. इतक्या पिढ्यांनी हीच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली, हे मला दुसरं कोण दाखवणार होतं? नुसती एक जुनी ओळ असती तर तेवढा तुकडा काढून कुठंतरी ठेवा, असं मीही म्हणाले असते. आता ही भिंत हलवता येणार नाही, आणि भिंतीशिवाय दवाखाना कसा हलेल? माझ्या सहीवाचून इथली वीट कुणी काढू शकत नाही. ती सही मी देणार नाही.”

मावशींनी कंपाउंडरांकडे पाहिलं. “खरं म्हणतायत ना त्या?”

“खरं, मावशी, खरं! आता तरी श्वास सोडा, नाहीतर मलाच नाडी बघावी लागेल.”

तेव्हा मावशी हसल्या. हसता हसता पदराने डोळे पुसले आणि डोळ्यालाही चुना लागला. मग त्यांनी कुंचला धुतला, बादली उचलली. उंबऱ्यापाशी थांबून चौकटीवरून हात फिरवला. “येते,” एवढंच म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. खालच्या पायरीवर चुन्याचा थेंब दिसला, तो वाकून पुसला, आणि लेकीच्या घराच्या वाटेला लागल्या.

बाई केव्हाच पुन्हा भिंतीशी रमल्या होत्या. कंपाउंडर मात्र बाकावरून बघत राहिले, बादलीच्या कडीची किरकिर ऐकू येईनाशी होईपर्यंत.