चिंचेकडे वळणारं स्टिअरिंग

पोलिसातली नोकरी संपली, ती चिंचही रस्तारुंदीत गेली, पण मानपाड्यापलीकडच्या त्या रस्त्याने जाताना माझे हात आजही स्टिअरिंगवर आवळले जातात. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, पण एका दुपारी तो अविश्वास डळमळला होता, हे सांगायला लाज कसली?

दिवा गावात राहणारे दोन भाऊ एका पिकअप गाडीतून पाण्याचे जार पोचवत. थोरला त्या चिंचेवर गाडी आदळून जागीच गेला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, गाडी दुरुस्त झाली आणि धाकटा ती चालवू लागला. काही महिन्यांनी तीच गाडी त्याच चिंचेखाली पुन्हा रस्ता सोडून चरात उतरली. धाकट्याचं खरचटण्यावर निभावलं. झाडाखाली लिंबं-नारळ पडू लागले आणि ठाणे अंमलदाराला निनावी फोन आला, “थोरला मेला नाही, मारलाय. धाकट्यानेच गाडीत काहीतरी केलंय.”

धाकट्याला चौकशीला बोलावलं. अपराधी माणूस बहुधा गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा एकच गोष्ट धरून बसला.

“साहेब, मी सरळच चाललेलो. दादाने स्टिअरिंग ओढलं.”

“अरे, तुझा दादा गेलाय ना?”

“म्हणून तर सांगतोय. हातातून ओढलं, साहेब. चिंचेकडे.”

बाहेर बाकावर थोरल्याची बायको बसली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून या आईविना दिराला तिनेच वाढवलेलं. संशयाची कुजबुज कानावर आल्यापासून मात्र तिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. “हा घरात असला की मी आतून कडी लावते,” ती मला म्हणाली. उघड्या दारातून त्याला ते ऐकू गेलं आणि इतका वेळ कोरडा बसलेला तो गडी हुंदके देऊन रडू लागला.

आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक आले. ब्रेक ठीक, स्टिअरिंगचे सांधे ठीक, छेडछाडीची खूण नाही. “साहेब, तुम्हीच चालवून बघा,” ते म्हणाले. हवालदाराने रस्ता अडवला. भर दुपार होती, पान हलत नव्हतं. भरलेले जार मागे ठेवून आणि निरीक्षकांना शेजारी बसवून मी चिंचेच्या दिशेने निघालो. झाडाच्या जरा अलीकडे ब्रेकवर पाय ठेवला आणि स्टिअरिंग आपणहून डावीकडे फिरलं, कुणी माझं मनगट धरून वळवावं तसं. गाडी कशीबशी आवरली. केबिनमध्ये आम्ही दोघेच होतो, तरी मी मागे वळून पाहिलं.

निरीक्षक उतरून चाकांपाशी बसले. रुंद, चकचकीत, बाजारातून आणून बसवलेली चाकं मडगार्डबाहेर आली होती. ते म्हणाले, “दार बिजागरीजवळ ढकललं तर हलत नाही, कडेला बोट लावलं की फिरतं. चाक जितकं बाहेर, तितका खड्ड्याचा हिसका स्टिअरिंगपर्यंत जोरात पोचतो.” झाडाअलीकडे नाल्याच्या मोरीवर रस्त्याची डावी कड खचलेली होती. खात्रीसाठी गाडीची मूळ चाकं मागवली. घरामागे झाकून ठेवलेली ती चाकं वहिनीने स्वतःच हवालदाराला काढून दिली. ती बसवून मी पुन्हा त्याच वेगात गेलो. गाडी थरथरली, पण चिंच शांतपणे मागे पडली.

दीर-भावजयीला समोर बसवून मी सगळं सांगितलं. खून नाही, घातपात नाही. शेवटी जबाबासाठी विचारलं, “ती रुंद चाकं कुणी आणली?”

“मी, साहेब,” धाकटा पटकन म्हणाला. “माझीच हौस.”

वहिनी त्याच्याकडे वळली. “खोटं का बोलतोस रे?” ती म्हणाली. “साहेब, दसऱ्याच्या पूजेला मीच दिली होती त्यांना. केवढे खूश झालेले.”

मग तिने पदराने डोळे पुसले आणि दिराला म्हणाली, “चल घरी. सकाळपासून जेवला नाहीयेस.”

खोटं बोलणारा स्वतःला वाचवत असतो, असं मी नव्या शिपायांना नेहमी सांगायचो. त्यानंतर सांगायचं सोडलं. कुणी खोटं बोललं, की तो कुणाला वाचवतोय, हे मी आधी पाहू लागलो.