प्रत्येक मुक्कामी एक फळ

मुंबईहून आगबोटीने कोलंबो आणि तिथून पुन्हा बोटीने भारतात येऊन मोटारीने दक्षिण पाहायला निघालेल्या आमच्या मंडळीत नागपूरजवळच्या खाप्याची एक म्हातारी होती, पाटल्या मोडून आलेली. काशीला गेलेला माणूस एखादं आवडतं फळ कायमचं सोडतो. ही मात्र प्रत्येक मुक्कामी काहीतरी सोडायची. कोलंबोच्या धक्क्यावर ना देव ना देऊळ, पण तिथेही तिने समुद्राला हात जोडून आंबा सोडला. आम्ही पोट धरून हसलो.

परतल्यावर नागपूरच्या स्टेशनवर मी तिच्या हातात संत्रं ठेवलं. तिने ते बराच वेळ हुंगलं आणि मला परत दिलं.

"हेबी सोडलं, बाई."

"काहून वं माय?"

"सून तसंबी खाऊ देत नाही. आता लोकायले सांगता येते, मीच सोडलं म्हणून."