कंबर हा पासलीत आजार नाही

बसायच्या आधी भिंत शोधायची. चप्पल पायानंच ओढून घ्यायची, वाकायचं नाही. शिंक आली की खांब धरायचा. एसटीत जागा मिळाली तरी उभं राहायचं. कुणी विचारलंच, तर "झकास" म्हणायचं. या कुंडलिकदादांच्या सवयी. मी त्यांचा पासली गावातला शेजारी, मराठीत बीए. मला वाटायचं, माणूस विक्षिप्त आहे.

ती कंबर होती. विंझरच्या भातगिरणीत हमाली करताना दादा पोत्यांच्या थप्पीवरून पडले, तेव्हापासूनची. डोकंही आपटलं होतं, पण ते लगेच सुधारलं. दादांना आता पोती उचलण्याऐवजी वजनकाट्यावर बसायचं होतं. मालक म्हणाले, डॉक्टरांचं लिहून आणा.

गावातल्या गेनूमामांनी सल्ला दिला. "कंबर कुनाची दुखत न्हाई? लावणी केली की समद्या गावाची दुखती. तू डोक्यावर पडलायस, काय आठवत न्हाई म्हन."

भात लावणाऱ्या गावात कंबरेला आजाराचा मान नाही, हे खरंच. दादांच्या बायकोनं, रत्नावहिनींनी, स्वतःच्या कंबरेवर हात ठेवून मान डोलावली. मलाही पटलं. शिकलेला होतो ना.

मग स्मरणशक्ती तपासून घ्यायला आम्ही दोघं पुण्याला गेलो. तिथे मानसतज्ज्ञ शेफालीमॅडमनी दादांना बरीच चित्रं दाखवली. मग जोड्या समोर ठेवल्या. एक पाहिलेलं, एक नवं, पाहिलेलं ओळखायचं. दादांनी मन लावून जवळजवळ प्रत्येक वेळी नवं दाखवलं.

मॅडम म्हणाल्या, डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. "इतकं चुकायला सगळं नीट आठवावं लागतं, कुंडलिकराव."

दादा खुर्चीची पाठ धरून उठले. मग म्हणाले, "कंबर लई दुखत हुती, मॅडम. ध्यान लागलं न्हाई."

दुखण्यानं बेजार झालेली माणसंही एवढं ओळखतात, असं मॅडमनी समजावलं. त्यांचं बरोबर होतं. दादा आयुष्यात पहिल्यांदा दुखतंय म्हणाले, आणि तेही सबब म्हणून.

अहवालात दादांची स्मरणशक्ती शाबूत निघाली. तसा दाखला पासलीत दुसऱ्या कुणाकडे नाही. विसरण्याचं सोंग असल्याचा शेरा होता, कंबरेबद्दल एक ओळ नव्हती. कंबर दाखवायला आम्ही गेलोच नव्हतो. मालकांनी 'सोंग' एवढा शब्द वाचला आणि दादांना पोत्यांकडे पाठवलं.

परवा टेम्पोला लावलेल्या फळीवर दादा पोतं घेऊन निम्म्यापर्यंत चढले आणि थांबले. वर जाईनात, खाली येईनात.

"काय दादा, वाट इसरला काय?" मुकादमानं विचारलं. सगळे हसले.

दादांनी पोतं फळीवरच सोडलं. टेम्पोचा कठडा धरत खाली उतरले आणि रस्त्याला लागले. पोतं निम्म्या फळीवर आडवं पडून होतं.